सामाईक मेटाडेटा फाइली रेपोत नेमक्या कुठे ठेवायच्या?

मेटाडेटा फाइली म्हणजे लायसन्स, रीडमी अशा, कोडबद्दल, लोकांबद्दल किंवा हक्कांबद्दल सांगणाऱ्या फाइली. आमच्या प्रकल्पाचं लायसन्स रेपोच्या (कोडच्या भांडाराच्या) दारातच होतं. रूट फोल्डर उघडला की समोर. तरी एका लिनक्स वितरणाच्या पॅकेजरने इश्यू टाकला: तुमच्या एनपीएम (जावास्क्रिप्ट) पॅकेजमध्ये लायसन्सचा मजकूर नाही, मला हे घेता येणार नाही. मी जरा तोऱ्यातच उत्तर लिहायला घेतलं, रूटमधल्या फाइलीची लिंक चिकटवली आणि पाठवण्याआधी सहज म्हणून टारबॉल (प्रकाशित पॅकेजचं गाठोडं) उघडून पाहिला. पॅकेज डॉट जेसन होती, रीडमी होती, डिस्ट फोल्डर होता. लायसन्स नव्हतं. पहिल्या प्रकाशनापासून कधीच नव्हतं.

रेपो एकच, त्यात मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाची तीन रूपं: पायथन लायब्ररी, ब्राउझरसाठी एनपीएम पॅकेज आणि अँड्रॉइड अ‍ॅप. शिवाय तिघांना लागणारा शब्दसंग्रह. एनपीएम गाठोडं बांधताना फक्त त्या पॅकेजच्या फोल्डरात बघतं. दोन पायऱ्या वर रूटमध्ये काय ठेवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आम्ही मात्र ‘सामाईक आहे ना, मग रूटमध्ये टाका’ एवढ्याच हिशेबाने सगळं रचलं होतं.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत सगळ्या फाइलींच्या जागा नव्याने ठरवल्या. खालच्या पायऱ्या त्याच कामातून आल्या आहेत. फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. रेपोत ती अर्थातच रोमनमध्ये, आणि लहान-मोठी लिपी जशी सांगितलेली असेल तशीच हवीत.

पायरी १: खानेसुमारी

गिट एलएस-फाइल्स ही आज्ञा चालवून यादी काढा आणि तिच्यातून कोड वगळा. उरलेल्यातली जी फाइल कोडबद्दल, लोकांबद्दल किंवा हक्कांबद्दल काही सांगते ती स्प्रेडशीटमध्ये उतरवा. रकाने चार: नाव, ती कोण वाचतं, ती कुठपर्यंत लागू आहे, आणि हीच माहिती अजून कुठे लिहिली आहे.

घाम फुटतो तो चौथ्या रकान्याला. आमच्या प्रकल्पाचं एका ओळीचं वर्णन पाच ठिकाणी सापडलं आणि पाचही वेगळी निघाली. एकात अजून ‘प्रायोगिक’ होतं. दुसऱ्यात अशा सोयीचं नाव होतं जी आम्ही कधीच काढून टाकली होती. एका जमिनीचे दोन सातबारे निघाले की काय होतं ते गावाकडे कुणालाही विचारा. रेपोत फरक इतकाच की भांडायला कुणी येत नाही, चुकीची माहिती निमूटपणे फिरत राहते.

पायरी २: ही फाइल वाचतं कोण?

बरेच जण ‘ही कोणत्या विषयाची फाइल आहे’ असं विचारून फोल्डर करतात. कायदेशीर कागद एका फोल्डरात, सेटिंग दुसऱ्यात, माणसांविषयीचं तिसऱ्यात. दिसायला छान दिसतं आणि निम्म्या फाइली कामातून जातात, कारण त्या वाचणाऱ्या प्रोग्रामला तुमची मांडणी ठाऊक नसते. म्हणून वाचणारा आधी, विषय नंतर.

काही फाइलींना जागेची निवडच नसते. डॉट-मेलमॅप (लेखकांची नावं-ईमेल जुळवणारी) आणि डॉट-गिटमॉड्यूल्स (आत जोडलेल्या दुसऱ्या रेपोंची यादी) रूटमध्येच लागतात. गिटहबचे वर्कफ्लो (आपोआप चालणारी कामं) डॉट-गिटहबमधल्या वर्कफ्लोज फोल्डरातच चालतात, त्याच्या पोटात आणखी फोल्डर केलेत तर चालत नाहीत. सायटेशन डॉट सीएफएफ रूटमध्ये असेल तरच गिटहब ‘हा रेपो असा उद्धृत करा’ ही पेटी दाखवतं (ही सोय २०२१ मध्ये आली). पायप्रोजेक्ट डॉट टॉमल पायथन प्रकल्पाच्या मुळाशी हवी. हे मूळ म्हणजे रेपोचं मूळ असेलच असं नाही, आणि एका रेपोत अनेक पॅकेजेस आली की नेमका इथेच गोंधळ होतो.

काही फाइली वर चढत किंवा खाली उतरत लागू होतात. डॉट-एडिटरकॉन्फिगचा (एडिटरच्या सेटिंगच्या फाइलीचा) शोध उघडलेल्या फाइलीपासून वर वर जातो आणि ‘रूट बरोबर ट्रू’ लिहिलेली फाइल भेटली की थांबतो. ती ओळ राहिली तर एखाद्याच्या होम फोल्डरातली जुनी सेटिंगही तुमच्या रेपोत डोकावू शकते. डॉट-गिटइग्नोर आणि डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स कुठल्याही फोल्डरात ठेवता येतात. वरच्या आणि आतल्या फाइलीचं म्हणणं जुळलं नाही तर जवळच्या फाइलीचं चालतं. तेव्हा फक्त अ‍ॅपला लागणारे नियम अ‍ॅपच्या फोल्डरातच असू द्या. रूटमधली गिटइग्नोर तीनशे ओळींची झाली की तिच्यातली कुठली ओळ कुणासाठी आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

तिसरा प्रकार खरा फसवा: ज्या फाइली दोन-तीन जागी शोधल्या जातात. कोडओनर्स घ्या, म्हणजे कोणत्या फाइलीतले बदल कोणी तपासायचे ही यादी. गिटहब आधी डॉट-गिटहब, मग रूट, मग डॉक्स असं बघतं आणि पहिली सापडेल ती वापरतं. बाकीच्यांबद्दल एक शब्द बोलत नाही. आमच्याकडे दोन होत्या. मी रूटमधली इमानेइतबारे सुधारत होतो आणि परीक्षणाच्या विनंत्या प्रकल्प सोडून गेलेल्या माणसाला जात होत्या, कारण डॉट-गिटहबमध्ये जुनी प्रत पडून होती. गिटलॅब हीच फाइल रूट, डॉक्स आणि डॉट-गिटलॅब इथे शोधतं. रेपो दोन्हीकडे ठेवायचा असेल तर दोघांना चालणारी जागा म्हणून रूट घ्या. फक्त गिटहबवर असेल तर मी डॉट-गिटहब निवडेन, रूटमध्ये गर्दी कमी होते. निवड कुठलीही असो, प्रत एकच असावी.

रीडमीचंही तसंच. डॉट-गिटहबमध्ये कुणी रीडमी ठेवली तर मुखपृष्ठावर तीच दिसते, रूटमधली मागे पडते. वर्कफ्लोंची माहिती लिहावी म्हणून तिथे रीडमी टाकायची आणि मग मुखपृष्ठ का बदललं म्हणून डोकं खाजवत बसायचं, असं होतं.

उरल्या फक्त माणसांनी वाचायच्या फाइली: प्रकाशनाची कृती, निर्णयांच्या नोंदी, बैठकांची टिपणं. यांना यंत्राचं बंधन नाही, त्या डॉक्समध्ये जाऊ द्या. रूटमध्ये मात्र नकोत.

पायरी ३: हुकूमत कुठपर्यंत?

एक फोल्डर, पूर्ण रेपो, की संस्थेचे सगळे रेपो? पहिल्या दोनांत फार अडत नाही. जिथपर्यंत फाइल लागू आहे त्या भागाच्या माथ्यावर ती ठेवायची. दोनच पॅकेजेसना लागणारी गोष्ट त्या दोघांच्या वरच्या सगळ्यात जवळच्या फोल्डरात जावी, थेट रूटमध्ये नव्हे.

संस्थेच्या पातळीवर गिटहबने एक सोय दिली आहे. संस्थेत डॉट-गिटहब याच नावाचा सार्वजनिक रेपो केला की त्यातली आचारसंहिता, योगदानाचे नियम, सुरक्षेची सूचना, मदतीची फाइल, निधीची फाइल हे सगळं ज्या रेपोत स्वतःचं नाही तिथे आपोआप लागू होतं. वीस रेपो असतील तर वीस प्रती सांभाळण्यातून सुटका. पण तीन गोष्टी माहीत असू द्या.

लायसन्स असं वारशाने मिळत नाही. ते प्रत्येक रेपोत स्वतःचं हवं.

इश्यूचे साचे सगळेच्या सगळे किंवा एकही नाही, असे येतात. एखाद्या रेपोच्या इश्यू टेम्प्लेट फोल्डरात तुम्ही एक जरी फाइल ठेवलीत तरी संस्थेचे साचे तिथे दिसायचे बंद होतात. एक साचा वाढवायला जावं आणि चार गायब व्हावेत, असा प्रकार.

आणि या वारशाच्या फाइली फक्त गिटहबच्या पानावर दिसतात. क्लोनमध्ये त्या येत नाहीत, डाउनलोड केलेल्या संचात येत नाहीत, दुसऱ्या ठिकाणच्या आरशातही (मिररमध्येही) नाहीत. माझ्या मते सुरक्षेची सूचना एवढ्यासाठीच प्रत्येक रेपोत स्वतंत्र असावी. दोष सापडलेला माणूस कोड कुठून वाचतोय हे आपल्या हातात नसतं. आचारसंहिता मात्र खुशाल संस्थेच्या रेपोत ठेवा.

पायरी ४: गाठोड्यात काय जातं?

आमची ठेच इथलीच. लोक तुमचा रेपो वापरत नाहीत, त्यातून बांधलेलं गाठोडं वापरतात. प्रत्येक भाषेच्या साधनाची ते बांधायची रीत वेगळी आहे, म्हणून रूटमधली एकच फाइल कुठे पोहोचते आणि कुठे नाही.

गो या बाबतीत समंजस आहे. मॉड्यूल उपफोल्डरात असेल आणि तिथे लायसन्स फाइल नसेल, तर रेपोच्या मुळातली घेतली जाते. रस्टमध्ये १.६४ या आवृत्तीपासून (२०२२) वर्कस्पेसच्या माथ्यावर लायसन्स, लेखक, रेपोचा पत्ता एकदाच लिहून खालच्या क्रेटांना (रस्टच्या पॅकेजेसना) ‘वर्कस्पेसप्रमाणे’ असं सांगता येतं. लायसन्स फाइलीचा मार्ग पॅकेजबाहेरचा असला तरी कार्गो ती फाइल उचलून गाठोड्यात घालतो. सामाईक माहिती एकदाच लिहिण्याची ही रीत मला सगळ्यांत आवडते.

पायथनचं तसं नाही. पेप ६३९ या पायथनच्या मानकाप्रमाणे पायप्रोजेक्टमध्ये लायसन्सच्या फाइलींचे नमुने देता येतात आणि व्हीलमध्ये (पायथनच्या गाठोड्यात) त्या डिस्ट-इन्फोच्या पोटातल्या लायसन्सेस फोल्डरात जातात. पण त्या नमुन्यांत दोन टिंबांनी वरच्या फोल्डरात जायला मनाई आहे. फाइल पायथन प्रकल्पाच्या आतच हवी. एनपीएमची रीत वर आलीच: लायसन्स आणि रीडमी न मागता घेतं, पण पॅकेजच्या फोल्डरातलीच.

मग प्रती ठेवायच्या का? माझा पहिला उपाय सिमलिंक होता. उपफोल्डरातून रूटच्या लायसन्सकडे दुवा, म्हणजे प्रत एकच. माझ्या लिनक्सवर सुरेख चाललं. मग विंडोजवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने पायथनचं प्रकाशन बांधलं. त्याच्या गिटमध्ये सिमलिंकची सोय बंद होती, आणि तशा वेळी गिट दुव्याच्या जागी एक छोटी मजकूर फाइल ठेवतं, जिच्यात फक्त मार्ग लिहिलेला असतो. त्यामुळे त्या प्रकाशनातलं लायसन्स एका ओळीचं होतं: दोन टिंबं, तिरकी रेघ, पुन्हा दोन टिंबं, तिरकी रेघ, आणि फाइलीचं नाव. एनपीएम तर सिमलिंक गाठोड्यात घेतच नाही.

शेवटी असं ठरवलं: मूळ प्रत रूटमध्ये, प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरात खरी प्रत कमिट केलेली, आणि दोन्ही अक्षर-न्-अक्षर सारख्या आहेत की नाहीत हे सीआयने (आपोआप तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेने) दर पुल रिक्वेस्टला तपासायचं. बांधणीच्या वेळी स्क्रिप्टने प्रत करायचा मार्गही आहे, पण मग थेट गिटवरून पॅकेज बसवणाऱ्याकडे किंवा स्वतःच्या साधनांनी बांधणाऱ्या वितरणाकडे ती स्क्रिप्ट चालेलच याची खात्री नाही. लायसन्स वर्षानुवर्षं बदलत नाही. त्याच्या दोन-तीन प्रतींनी काही बिघडत नाही. आवृत्तीचा क्रमांक दर महिन्याला बदलतो, त्याची दुसरी प्रत मात्र मी हाताने कधीच लिहू देणार नाही.

हे सगळं वाचून विश्वास ठेवू नका, गाठोडं उघडा. एनपीएम पॅकला ड्राय-रन हा पर्याय द्या, कार्गो पॅकेजला लिस्ट, आणि पायथनचं व्हील म्हणजे झिपच असतं, ते झिपसारखं उघडून बघा. गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एक्सपोर्ट-इग्नोर लिहिलेल्या ओळीही तपासा. त्या फाइली गिट अर्काइव्हच्या संचातून गळतात, आणि कधीतरी कुणीतरी डॉक्स गाळताना सोबत बरंच काही गाळून ठेवलेलं असतं.

पायरी ५: लायसन्स एकाहून जास्त असतील तर

आमचा कोड एमआयटीखाली, शब्दसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आणि सोबतचा फॉन्ट ओएफएल या फॉन्टांसाठीच्या मुक्त लायसन्सखाली. अशा वेळी रूटमध्ये एकच लायसन्स फाइल ठेवली तर ती अर्धंच खरं सांगते.

एफएसएफई या संस्थेने ठरवलेली रीयूज नावाची पद्धत इथे उपयोगी पडते. रूटमध्ये लायसन्सेस नावाचा फोल्डर करायचा, वापरलेल्या प्रत्येक लायसन्सचा पूर्ण मजकूर त्यात एकेका फाइलीत ठेवायचा आणि प्रत्येक कोड फाइलीच्या डोक्यावर एसपीडीएक्स या ठरलेल्या खुणेच्या ओळी लिहायच्या: प्रताधिकार कुणाचा आणि लायसन्स कोणतं. चित्रं, फॉन्ट, जेसन अशांत टिप्पणी लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी रीयूज डॉट टॉमल. लिनक्स कर्नलमध्येही असाच लायसन्सेस फोल्डर आहे आणि रूटमधली कॉपीइंग ही छोटी फाइल वाचणाऱ्याला तिकडे पाठवते.

तरीही एक लायसन्स फाइल रूटमध्ये राहू द्या. रेपोच्या पानावर ‘लायसन्स: अमुक’ दाखवणारी साधनं तिथेच पाहतात, आणि घाईतली माणसंही.

गूगल फॉन्ट्सच्या रेपोने तर वरची विभागणीच लायसन्सवर केली आहे: ओएफएल, अपाची, यूएफएल असे फोल्डर आणि त्यांच्या आत फॉन्टची कुटुंबं. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ ओएफएलमध्ये आहे. लायसन्स बदललं तर फोल्डर बदलावा लागेल, हे खरं. पण कुठल्या फाइलीला कोणतं लायसन्स हा प्रश्न मार्ग वाचताच सुटतो.

पायरी ६: तिघांना लागणारी माहिती

आता वर्णन, शब्दसंग्रहाची आवृत्ती, श्रेयनामावली असा मजकूर, जो तीनही पॅकेजेसना लागतो. इथे दुसऱ्यांच्या मांडण्या बघण्यासारख्या आहेत. युनिकोडच्या सीएलडीआर या प्रकल्पात कॉमन फोल्डरातल्या मेनमध्ये भाषेगणिक फाइल असते. मराठीची तिथे आहे, कोकणीचीही. महिन्यांची नावं, तारखांचे साचे, आपोआप देवनागरी अंक वापरायचे ही नोंद, हे सगळं मराठीच्या फाइलीत. पण देवनागरीचे दहा अंक कोणते, हे त्यात नाही. ते शेजारच्या सप्लिमेंटल फोल्डरात, अंकपद्धतींच्या फाइलीत एकदाच लिहिलंय, कारण नेपाळीलाही तेच लागतात. ‘आम्ही कोणते वापरतो’ हे ज्याचं त्याच्याकडे, ‘ते काय आहेत’ हे सगळ्यांचं एका जागी.

आम्ही तेच उचललं. पॅकेजेसच्या शेजारी एक छोटा फोल्डर, त्यात एक डेटा फाइल, आणि तिच्यातून पाचही ठिकाणचं वर्णन स्क्रिप्टने भरलं जातं. फोल्डराचं नाव ‘कॉमन’ ठेवायचा मोह आवरला. त्या नावाच्या फोल्डराचा माळा होतो, दिवाळीच्या आवराआवरीत हाताला लागेल ते वर टाकलं जातं. ‘प्रोजेक्ट-इन्फो’ असं नेमकं नाव दिलं की उद्या कुणी त्यात टेस्टचा डेटा टाकताना दोनदा विचार करतो.

अ‍ॅपच्या दुकानांतलं (अ‍ॅप स्टोअरमधलं) वर्णन मात्र या फाइलीतून भरू नका. अ‍ॅपचं वर्णन फास्टलेन या प्रकाशनाच्या साधनाच्या ठरलेल्या रचनेत राहतं: फास्टलेन, मेटाडेटा, अँड्रॉइड आणि त्याखाली भाषेचा फोल्डर. मराठीसाठी एमआर-आयएन. एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅप्सचं दुकान ते थेट रेपोतून उचलतं. छोट्या वर्णनाला ८० ची मर्यादा आहे आणि मोजणी आपल्या अक्षरांची नसते, युनिकोडच्या चिन्हांची असते. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्याला चार अक्षरं, यंत्राला दहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. इंग्रजीत बसलेलं वाक्य मराठीत बसेल असं धरून चालू नका. ते मराठीतच, ऐंशीच्या आत, निराळं लिहावं लागतं.

माहिती दुसऱ्या रेपोंनाही लागायला लागली तर? गूगल फॉन्ट्सच्या भाषांची माहिती (मराठीची फाइल तीतही आहे) स्वतंत्र पायथन पॅकेज म्हणून बसवता येते. अशी फारकत घ्यायला मी दोन अटी लावेन: निदान दोन रेपो खरोखर वापरतायत, आणि त्या माहितीच्या प्रकाशनाचा वेग कोडपेक्षा वेगळा आहे. फारकत घेतलीच तर पॅकेज करा, सबमॉड्यूल (रेपोच्या पोटात जोडलेला दुसरा रेपो) नको. सबमॉड्यूलचा रेपो साधा क्लोन केला की तो फोल्डर रिकामा येतो, आणि गिटहबवरून उतरवलेल्या झिपमध्येही त्यातलं काही येत नाही.

पायरी ७: हलवताना

हलवणं आणि बदलणं एका कमिटमध्ये नको. गिट नामांतराची नोंद ठेवत नाही, मजकुराच्या साम्यावरून ओळखतं. हलवतानाच अर्धी फाइल नव्याने लिहिलीत तर लॉगला फॉलो सांगूनही इतिहास तिथेच तुटलेला दिसतो.

जुनं नाव रेपोभर शोधा. सीआयच्या फाइली, कोडओनर्समधले मार्ग, रीडमीतल्या लिंका, डॉकरची फाइल. बाहेरून येणाऱ्या लिंका आपल्याला दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून फाइल प्रसिद्ध असेल तर जुन्या जागी एका ओळीची पाटी ठेवा. कर्नलची कोडिंग स्टाइलची फाइल २०१६ मध्ये डॉक्युमेंटेशनमधून त्याच्या पोटातल्या प्रोसेस फोल्डरात गेली, तेव्हा जुन्या जागी अशीच पाटी ठेवली होती.

फक्त लहान-मोठी लिपी बदलायची असेल तर मॅक आणि विंडोजवर जपून. तिथल्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेला दोन्ही नावं एकच वाटतात. आधी तात्पुरतं वेगळंच नाव द्या, मग हवं ते.

पायरी ८: पहारा

सीआयमध्ये तीन तपासण्या पुरतात. प्रतींची तुलना, रीयूज लिंट (रीयूजचे नियम पाळलेत का हे बघणारी आज्ञा), आणि बांधलेल्या प्रत्येक गाठोड्यात लायसन्स आहे का आणि ते एका ओळीपेक्षा मोठं आहे का. शेवटची अट हास्यास्पद वाटेल, पण ती का आहे हे वर आलंय. या फाइलींना कोडओनर्समध्ये मालक द्या आणि त्या ओळी शेवटी लिहा. एकाच फाइलीला अनेक नमुने जुळले तर शेवटचा चालतो, आणि आमच्याकडे ‘सगळं काही’ ही ओळच शेवटी होती.

चेंजलॉगचं (बदलांच्या नोंदीचं) मात्र अजून जमलेलं नाही. तिन्ही पॅकेजेसच्या आवृत्त्या वेगवेगळ्या चालतात, म्हणून मी प्रत्येकाच्या फोल्डरात वेगळा चेंजलॉग ठेवला. गाठोड्यात तो जातो, ते ठीक. अ‍ॅप सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं वेगळं आहे: शब्दसंग्रह बदलला की तीच नोंद तीन ठिकाणी लिहावी लागते, आणि शिवाय दुकानासाठी पाचशे चिन्हांत बसणारी चौथी. सध्या शब्दसंग्रहाला स्वतःचा चेंजलॉग दिलाय आणि बाकीच्यांत ‘शब्दसंग्रह अमुक आवृत्तीवर नेला’ एवढीच ओळ येते. दोन प्रकाशनं अशी गेली आहेत. तिसऱ्याच्या आधी दुकानाची फाइल स्क्रिप्टने भरता येते का ते बघतोय.